जाहिरातीला जागा नसलेलं मिनिट

२३ जून २०१०, बुधवार. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहरात, लोफ्टस व्हर्सफेल्ड मैदानावर विश्वचषकाच्या साखळीतला अमेरिका-अल्जीरिया सामना संपत आलाय. नव्वद मिनिटं होऊन गेली, गोल एकही नाही, आणि अमेरिकेचा संघ स्पर्धेतून बाहेर पडण्याच्या बेतात आहे. ९१व्या मिनिटाला लँडन डोनोव्हन गोल करतो. ईएसपीएन वाहिनीवर या गोलाचं इयन डार्क यांनी केलेलं धावतं वर्णन अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांना आज पाठ आहे. सगळा मिळून मिनिटभराचा ऐवज. पण अमेरिकी टेलिव्हिजन आणि फुटबॉल यांच्यात चाळीसेक वर्षं जे अवघडलेपण होतं, ते या मिनिटात गळून पडलं. म्हणून ते बारकाईने बघावं असं आहे.

खेळाच्या समालोचनाकडे कला म्हणून पाहणं मराठी वाचकाला नवं नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगितलं, तेव्हा न दिसणारा सामना शब्दांनी उभा करायला काय लागतं हे आपल्या कानांना कळलं होतं. टेलिव्हिजनवरच्या समालोचकाचा पेच उलटा. सामना सगळ्यांना दिसतोच आहे. मग बोलायचं काय? आणि त्याहून अवघड म्हणजे किती बोलायचं? डार्क यांच्या मिनिटाची खुमारी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आधी पूर्वपीठिका, कारण तिच्याशिवाय त्या गोलाला चव नाही. ‘क’ गटात इंग्लंड, स्लोव्हेनिया, अल्जीरिया आणि अमेरिका. पहिल्या सामन्यात इंग्लंडचा गोलरक्षक रॉबर्ट ग्रीन याच्या हातून क्लिंट डेम्प्सीचा साधा फटका निसटला आणि अमेरिकेला १-१ अशी बरोबरी पदरात पडली. दुसऱ्या सामन्यात स्लोव्हेनियाविरुद्ध मध्यंतराला ०-२ अशी पिछाडी. ती २-२ अशी भरून काढल्यावर मॉरिस एडूने तिसरा गोल केला, तो माली देशाचे रेफरी कोमन कुलिबाली यांनी रद्द ठरवला. कशासाठी, ते मैदानातल्या अमेरिकी खेळाडूंना उमगलं नाही. अल्जीरियाविरुद्ध तर दैवाने चेष्टाच मांडली होती. सुरुवातीला अल्जीरियाचाच एक फटका आडव्या खांबावर आदळून परतला, त्यात अमेरिका वाचली. मग डेम्प्सीने चेंडू जाळ्यात मारला, तर ऑफसाइडचं निशाण वर गेलं. रिप्लेमध्ये तो ऑफसाइड नव्हता हे स्पष्ट दिसलं. उत्तरार्धात त्याचाच एक फटका गोलपोस्टला लागून बाहेर आला. जोझी अल्टिडोरने जवळून मारलेला चेंडू बारवरून गेला.

त्याच वेळी पोर्ट एलिझाबेथमध्ये इंग्लंड स्लोव्हेनियाविरुद्ध १-० असं पुढे होतं. म्हणजे इंग्लंडचे पाच गुण, स्लोव्हेनियाचे चार, अमेरिकेचे तीन. अमेरिका तिसरी, म्हणजेच बाहेर. एक गोल झाला तर मात्र तिचेही पाच गुण होणार होते आणि जास्त गोल केल्याच्या जोरावर ती इंग्लंडच्या वर, थेट पहिल्या क्रमांकावर जाणार होती. घरी परतणं आणि गट जिंकणं यांच्यामध्ये एकाच फटक्याचं अंतर. असं गणित नाटककाराने मांडलं असतं तर आपण त्याला भडकपणाचा दोष दिला असता.

आता तो तुकडा पाहू. भरपाईची वेळ सुरू झालीय आणि चढाई अल्जीरियाची आहे. राफिक सैफीचा हेडर अमेरिकेचा गोलरक्षक टिम हॉवर्ड याच्या हातात येतो. असा चेंडू हातात आला की गोलरक्षक एरवी दम घेतो, सहकाऱ्यांना पुढे सरकायला सांगतो. हॉवर्डला तेवढी उसंत नाही. तो हात उंचावून चेंडू लांबवर, धावत सुटलेल्या डोनोव्हनपुढे फेकतो. डोनोव्हन तो पायाशी घेऊन मोकळ्या मैदानातून पळत सुटतो आणि उजवीकडे अल्टिडोरला देतो. अल्टिडोर तो गोलसमोर जमिनीलगत आत ढकलतो. डेम्प्सी झेप घेतो, पण अल्जीरियाचा गोलरक्षक राइस म्बोल्ही अंगावर घेऊन अडवतो. चेंडू सुटून मागे घरंगळतो, आणि चेंडू दिल्यानंतर पाय न थांबवलेला डोनोव्हन मागून येऊन तो सहज म्हणावा तसा जाळ्यात सारतो. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत सगळा प्रवास डझनभर सेकंदांचा.

हा प्रवास एकाच कॅमेऱ्यातून दिसतो. स्टँडमध्ये उंचावर, मैदानाच्या मध्यरेषेशी लावलेला तो मुख्य कॅमेरा चेंडूबरोबर वळत जातो. मध्ये काटछाट नाही, कुणाचा क्लोजअप नाही. खेळाडू बोटाएवढे दिसतात, चेहरे दिसतच नाहीत. प्रेक्षकाच्या छातीत जी धडधड सुरू होते ती चेहऱ्यांमुळे नाही, मोकळ्या जागेमुळे: धावणारे अमेरिकी किती, परतणारे अल्जीरियन किती, आणि मध्ये हिरवळ केवढी मोकळी पडलीय. फुटबॉलचं सौंदर्य या अंतरांत असतं, आणि लांबून पाहिलं तरच ती अंतरं दिसतात. चेहरे येतात ते गोल झाल्यावर. कॉर्नरच्या झेंड्याकडे पोटावर घसरत गेलेला डोनोव्हन, त्याच्यावर पडलेले सहकारी, बाकावरून धावत आलेले राखीव खेळाडू. आधी आकृती आणि मग माणसं, असा हा क्रम आहे.

या चित्राखाली त्या स्पर्धेचा कायमचा आवाज आहे, वुवुझेला या पिपाण्यांचा. गोलची संधी असो वा थ्रो-इन, वुवुझेला एकाच पट्टीत वाजत राहायच्या. एरवी प्रेक्षकांचा गलका चढतो-उतरतो, त्यावरून घरी बसलेल्यालाही संकटाची चाहूल लागते. इथे ती सोय नव्हती. चढउताराची सगळी जबाबदारी एकट्या माणसाच्या आवाजावर येऊन पडली होती.

आणि तो माणूस ती कशी पेलतो! हॉवर्डच्या फेकीला डार्क दाद देतात ती चालता चालता, कामकाजी सुरात. मग डोनोव्हनचं नाव. मग अमेरिकेला इथे वाव आहे अशी नोंद, आणि लगेच एक प्रश्न: जमेल का त्यांना? हा प्रश्न फार नेमक्या जागी येतो. चेंडू अल्टिडोरकडे जाण्याच्या सुमारास घराघरांत, बारबारमध्ये जे मनात चाललेलं असतं, तेच तो उच्चारतो. त्यानंतर वाक्यं आखडतात. क्रॉससाठी एकच शब्द. मग डेम्प्सी पुन्हा अडवला गेल्याची बातमी. त्या ‘पुन्हा’त रद्द झालेला गोल आहे, खांबाला लागलेला फटका आहे, सबंध सामन्याचं दुखणं आहे. डार्क त्याची उजळणी करत बसत नाहीत, कारण ज्याने सामना पाहिलाय त्याला ती नको आहे. आणि मग, दुःख पुरतं पोहोचायच्या आत, डोनोव्हनने गोल केल्याचं साधं विधान. विशेषण नाही, उपमा नाही. कर्ता आणि क्रियापद. फक्त आवाज वर गेलेला.

डार्क यांनी स्काय स्पोर्ट्ससाठी वर्षानुवर्षं मुष्टियुद्धाचं समालोचन केलं आहे, हे इथे लक्षात घ्यावं. मुष्टियुद्धात ठोसा पडायला क्षणही लागत नाही. लांब वाक्य सुरू केलं तर ते संपेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो. तिथे आखूड वाक्यांची आणि श्वास राखून ठेवण्याची सवय लागते. त्या डझनभर सेकंदांत ही सवय कामाला येते. आवाज आधीच टिपेला गेला असता तर गोलसाठी वर जागाच उरली नसती.

याच्याशेजारी स्पॅनिश परंपरा ठेवून बघण्यासारखी आहे. मूळचे ब्वेनोस आयरेसचे अँद्रेस कँटोर यांनी १९९० आणि १९९४च्या विश्वचषकांत युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीवर ‘गोल’ हा एकच स्वर श्वास संपेपर्यंत लांबवला आणि स्पॅनिश न कळणाऱ्या अमेरिकेलाही तो वेड लावून गेला. लॅटिन अमेरिकी रेडिओची ती देणगी. तिथे गोल झाला की काळ थांबतो, आणि समालोचक त्या थांबलेल्या काळावर आलाप घेतो. डार्क यांच्या पद्धतीत काळ थांबत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी अंगावर येतो. दोन्ही रीती थोर आहेत, फक्त घराणी वेगळी.

गोलनंतर डार्क यांच्या तोंडून चार-पाच छोटे उद्गार निघतात. यावर विश्वास बसतो का, असं विचारतात. अमेरिकेला ‘गो, गो’ म्हणत चेतवतात. संघ आता नक्की पुढे गेला, असं सांगतात. यातला मधला उद्गार वादाचा. समालोचकाने तटस्थ असावं, मग हा जयघोष कशाला? पण थोडं थांबून ऐकलं तर यातली मर्यादा कळते. डार्क इंग्रज आहेत. त्यांचा स्वतःचा देश त्याच गटात आहे आणि या गोलमुळे तो पहिल्यावरून दुसऱ्या क्रमांकावर घसरलाय. ते ‘आपण जिंकलो’ म्हणत नाहीत, आणि कधी म्हणूही शकले नसते. काठावर उभ्या असलेल्या माणसाने पोहणाऱ्याला दिलेली ती हाक आहे. आपल्याकडे क्रिकेट ऐकताना समालोचकाचं ‘आपण’ इतकं कानात बसलेलं असतं की त्याच्याविना उत्कटता येऊ शकते हेच आपण विसरतो.

शेवटी, अशी संहिता कुणाला लिहिता आली नसती, अशा अर्थाचं एक वाक्य येतं. या मिनिटातली सगळ्यात कच्ची ओळ ती. जगभरच्या समालोचकांच्या खिशात ते नाणं असतंच. पण तोवर काम होऊन गेलेलं असतं.

आता हा तुकडा अमेरिकेत एवढा मोठा का ठरला ते पाहायला मागे जावं लागेल. अमेरिकी टेलिव्हिजनची घडण थांबणाऱ्या खेळांवर झाली. बेसबॉलची इनिंग संपते, अमेरिकन फुटबॉलचा प्रत्येक डाव काही सेकंदांत संपतो. अमेरिकन फुटबॉलच्या सुमारे तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम ११ मिनिटं, अशी मोजदाद वॉल स्ट्रीट जर्नलने याच २०१० साली छापली होती. उरलेल्या वेळात रिप्ले, आकडेवारी, चर्चा आणि जाहिराती. षटकाचा शेवटचा चेंडू अडतो न अडतो तोच साबणाची जाहिरात बघण्याची सवय असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पंचेचाळीस मिनिटं न थांबणारा खेळ या दुकानात मांडायचा कुठे?

त्यावरचे उपाय एकेक करून पाहण्यासारखे आहेत. १९६७ साली सीबीएसने व्यावसायिक फुटबॉल दाखवायला घेतला, तेव्हा जाहिरातींना जागा मिळावी म्हणून एका रेफरीने फाउल देऊन खेळ थांबवल्याचं प्रकरण गाजलं. १९७५ साली पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून पहिला सामना खेळला, तेव्हा डाउनिंग स्टेडियमचं उघडंबोडकं मैदान टीव्हीवर बरं दिसावं म्हणून हिरव्या रंगाने फवारलं होतं. १९९०चा विश्वचषक दाखवताना टीएनटी वाहिनी खेळ चालू असताना जाहिराती लावायची. १९९४ साली स्पर्धा अमेरिकेतच भरली, तेव्हा कुठे एबीसी आणि ईएसपीएनने मधल्या जाहिराती काढून टाकल्या आणि प्रायोजकांची चिन्हं पडद्यावरच्या घड्याळाशेजारी नेऊन ठेवली. त्या स्पर्धेत एकेका सामन्याला सरासरी ६९ हजारांच्या आसपास माणसं मैदानात होती. म्हणजे प्रेक्षकांची वानवा कधीच नव्हती.

प्रेक्षक होता, फक्त विखुरलेला होता. स्थलांतरित घरांतून तो स्पॅनिश वाहिन्या बघत होता. पीबीएसवर ‘सॉकर मेड इन जर्मनी’ या कार्यक्रमातून जर्मन सामने संक्षिप्त रूपात बघत मोठी झालेली एक पिढी होती. आणि उपनगरांतल्या हिरवळींवर शनिवारी सकाळी मुलं खेळत होतीच. अमेरिकेत नातवंडं असलेल्या कितीतरी मराठी आजी-आजोबांनी त्या मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून सकाळ काढली आहे. खेळणारी मुलं मोठी झाली की टीव्हीवर दुसरंच काही बघतात, हे मात्र वर्षानुवर्षं चाललं.

त्यात इंग्रजी वाहिन्यांचा आपल्या प्रेक्षकावर भरवसा नव्हता. २००६च्या विश्वचषकाला ईएसपीएनने बेसबॉलच्या समालोचकाला मुख्य जागी बसवलं, तेव्हा जाणकारांनी कपाळाला हात लावला. अमेरिकी माणसाला खेळ समजावून सांगावा लागतो, गप्प राहिलं तर तो चॅनेल बदलतो, या समजातून अखंड बोलणं सुरू असायचं. चार वर्षांनी वाहिनीने धोरण बदललं आणि मार्टिन टायलर, डेरेक रे, एड्रियन हीली यांच्यासह डार्क यांना आणलं. डार्क यांच्या जोडीला जॉन हार्क्स होते: न्यू जर्सीतल्या कर्नी या स्थलांतरितांच्या गावचे, शेफील्ड वेन्सडेकडून इंग्लंडमध्ये खेळलेले, अमेरिकेचे माजी कर्णधार. पहिल्यांदाच वाहिनीने प्रेक्षकाला खेळ कळतो असं धरून चालायचं ठरवलं. डार्क यांचा मितभाषीपणा हा त्या विश्वासाचा आवाज होता.

इथे एक गंमत लक्षात येते. या ‘अमेरिकी’ मिनिटात अमेरिकी टेलिव्हिजनचं असं काय आहे? चित्र जगभर गेलं तेच, फिफाच्या यजमान प्रक्षेपण कंपनीने काढलेलं. आवाज इंग्रजाचा. मैदान आफ्रिकेतलं. ईएसपीएनने केलं ते एवढंच की योग्य माणसाला माइकसमोर बसवलं आणि मध्ये हात घातला नाही. अमेरिकेची खरी भर पडली ती पडद्याच्या अलीकडे.

ती भर आपल्याला पाहता येते, कारण लोकांनी ती टिपून ठेवली. न्यूयॉर्कमध्ये सामना सकाळी दहाला सुरू झाला, पश्चिम किनाऱ्यावर सातला. कामाच्या दिवशी, सकाळच्या पारी, बार गच्च भरलेले. त्या गोलच्या वेळी देशभरच्या बारमध्ये काय झालं याची चित्रणं यूट्यूबवर आली, मग कुणीतरी ती एकापुढे एक जोडली. यात फुटबॉल दिसत नाही. फुटबॉल बघणारे चेहरे दिसतात. मुख्य प्रक्षेपणाने जे चेहरे लांब ठेवले होते, ते जणू इथे सापडतात. डोनोव्हन पळायला लागतो तसे लोक खुर्चीतून अर्धवट उठतात. क्रॉस येतो तसा एक स्वर चढू लागतो. म्बोल्ही अडवतो आणि हात डोक्याकडे जातात. ते हात खाली यायच्या आत गोल झालेला असतो. त्यामुळे पहिली उडी कित्येकांनी डोकं धरूनच मारलेली दिसते. निराशा आणि आनंद एकाच शरीरात, एकाच वेळी. अभिनय शिकवणाऱ्याने दाखवावीत अशी ही चित्रणं आहेत. त्यानंतर बिअर उडते, अनोळखी माणसं मिठ्या मारतात आणि डार्क यांचे शब्द गलक्यात बुडून जातात. समालोचन ऐकू येत नाही, आणि कुणाला त्याची उणीवही भासत नाही.

या देशात फुटबॉलला चाहते नाहीत, असं म्हणणाऱ्यांना त्या चित्रणांनी परस्पर उत्तर दिलं. ‘अमेरिकन आउटलॉज’ ही चाहत्यांची संघटना २००७ साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात निघाली होती. मका आणि कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या राज्यात. म्हणजे वेड होतंच. त्याला एक सामायिक क्षण हवा होता, एकाच वेळी सगळ्यांनी पाहिलेला.

त्या क्षणाचं आयुष्य म्हटलं तर तीन दिवसांचं. २६ जूनला घानाने जादा वेळेत २-१ असं हरवून अमेरिकेला घरी पाठवलं. पण पुढच्याच वर्षी, १० जुलै २०११ रोजी, जर्मनीत ड्रेस्डेनला महिलांच्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध दहा जणींनिशी खेळताना मेगन रॅपिनोच्या लांब क्रॉसवर अॅबी वॉम्बाकने १२२व्या मिनिटाला डोक्याने गोल केला, तेव्हा माइकवर पुन्हा डार्क होते, जोडीला ज्यूली फाउडी. २०१३ पासून एनबीसीने इंग्लंडची प्रीमियर लीग दाखवायला घेतली तीही याच वळणाने: प्रेक्षक अडाणी नाही, असं गृहीत धरून. २०१४ साली अमेरिका-पोर्तुगाल सामना एकट्या ईएसपीएनवर सुमारे १ कोटी ८२ लाख लोकांनी पाहिला. हे सगळं एका गोलने केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मात्र या खेळाला अमेरिकेच्या मापाने कापायची गरज नाही, हे त्या गोलने सगळ्यांदेखत दाखवून दिलं.

म्हणून २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने जाहीर केलेला नियम खटकतो. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या या स्पर्धेत प्रत्येक सामन्याच्या दोन्ही अर्धांत पाणी पिण्यासाठी तीन-तीन मिनिटांची विश्रांती, मग हवा गरम असो वा थंड. कारण खेळाडूंच्या प्रकृतीचं दिलंय, आणि उन्हाळ्यात ते रास्तही आहे. पण थंड हवेतसुद्धा थांबणारा खेळ पाहिला की १९६७चा तो रेफरी आठवतो. तीन मिनिटांत पाणी पिऊन होतं आणि जाहिरातीही होतात. प्रश्न इतकाच की हॉवर्डच्या हातात चेंडू आला तेव्हा अल्जीरियाचे खेळाडू पुढे आलेले होते, दमलेले होते, त्यांची रचना विस्कटलेली होती. ती विस्कटली होती सतत खेळत राहिल्यामुळे. प्रशिक्षकाला मध्येच सगळ्यांना गोळा करून घडी नीट बसवायची संधी मिळत गेली, तर अशी मोकळी हिरवळ कमी वेळा दिसेल. जाहिरातीसाठी खेळ थांबवल्याने प्रेक्षकाची तीन मिनिटं जातात, हे नुकसान लहान आहे. न थांबल्यामुळेच जे घडतं, ते घडायचंच राहून जातं, हे मोठं.